करू शकेल

सानिका शेटे कृत्रिम हात बनवायची. कराडला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत तिची तीन खोल्यांची कार्यशाळा होती. आसपासच्या ऊसपट्ट्यातून आणि डोंगराकडच्या गावांतून माणसं तिच्याकडे यायची. कुणाचा हात कडबाकुट्टीत गेलेला, कुणाचा मळणी यंत्रात, कुणाचा विजेच्या तारेला लागून. उरलेल्या दंडाच्या कातडीवर ती बारीक पट्ट्या चिकटवायची. स्नायू आवळला की त्यात विजेची अगदी सूक्ष्म लहर उठते. ती लहर पट्ट्या टिपायच्या आणि त्या इशाऱ्यावर कृत्रिम हाताची बोटं मिटायची. मोठ्या शहरात असा हात आठवड्यात मिळे, पण तो दंडाला काचतो म्हणून माणसं दोन महिन्यांत काढून ठेवत. सानिका माणसाला चार-चारदा बोलावून, दंड ज्यात बसतो ते सॉकेट घासायची, पुन्हा घालून बघायची, पुन्हा घासायची. अकरा वर्षांत तिनं दिलेले सातशेहून जास्त हात वापरात होते.

२०४७ सालच्या फेब्रुवारीत एका मंगळवारी सकाळी तिच्या फोनवर मालमत्ता मागोवा कक्षाची नोटीस आली. नोटिशीत तिच्या मालमत्तेची यादी होती आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा. मलकापूरचा प्लॉट, शंभर टक्के. कार्यशाळा आणि त्यातली यंत्रं, एक्याऐंशी टक्के. बँकेतली शिल्लक, एक्याऐंशी टक्के. गुन्ह्यातून आलेल्या पैशाचा एवढा अंश या मालमत्तेत आहे, सबब ती जप्त का करू नये याचं उत्तर तीस दिवसांत द्यावं, असं खाली लिहिलं होतं.

सानिकाला आधी वाटलं की हे दुसऱ्या कुणाचं तरी आपल्याकडे आलंय. कार्यशाळा तिनं बँकेचं कर्ज काढून उभी केली होती आणि एकही हप्ता चुकवला नव्हता. मग तिनं खालची आकृती उघडली. आकृतीत बाणांची एक साखळी होती. पहिल्या चौकोनात तिच्या वडिलांचं नाव होतं.

महालिंग शेटे, घरात आणि गावात सगळ्यांचे अप्पा, एका पतसंस्थेचे सचिव होते. चेअरमनच्या सांगण्यावरून त्यांनी चार वर्षं खोट्या नावांवर कर्जं मंजूर केली. पतसंस्था बुडाली तेव्हा तीनशे बारा ठेवीदारांचे पैसे गेले. सानिका तेव्हा पुण्याला कृत्रिम अवयवांचा अभ्यासक्रम शिकत होती, शेवटच्या वर्षाला. अप्पांना सहा वर्षं शिक्षा झाली. चेअरमन खटला संपायच्या आत वारला आणि त्याच्या कंपन्यांच्या जाळ्यात पैसा कुठे मुरला ते कुणाला सापडलं नाही. सुटून आल्यावर अप्पा सानिकाकडेच राहायला आले. ते सकाळी भाकरी-भाजी करायचे, दिवसभर कार्यशाळेत पाट्या पुसायचे, आलेल्या माणसांना पाणी द्यायचे. तिची आई आधीच गेली होती. अप्पांनी काय केलं ते सानिकाला माहीत होतं. पण तिची फी त्यांनी आजीचं सोनं मोडून भरली, असं तिला प्रवेश मिळाला तेव्हापासून सांगितलेलं होतं, आणि बाकी सगळं विसरता आलं नाही तरी या एका गोष्टीसाठी ती त्यांचे उपकार मानत आली होती.

आकृतीत दुसऱ्या चौकोनात तिचं कॉलेज होतं.

ही आकृती काढणाऱ्या प्रणालीचं नाव 'उगम'. ती काय करते हे समजायला फार गणित लागत नाही. समजा, एका ओढ्यात कुणी रंग टाकला. ओढा नदीला मिळाला, नदीतून कालवे निघाले, कालव्यातलं पाणी विहिरींत पाझरलं. प्रत्येक विहिरीत किती रंग आला हे सांगायचं, तर प्रत्येक संगमावर कुठलं पाणी किती मिसळलं ते माहीत हवं. पैशाचंही तसंच, पण पैसा पाण्यापेक्षा अवघड, कारण तो उलटाही वाहतो. मी तुम्हाला देतो, तुम्ही तिसऱ्याला देता आणि तो पुन्हा मला. अशा फेऱ्यांमुळे एका खात्याचा अंश दुसऱ्यावर अवलंबून असतो आणि दुसऱ्याचा पहिल्यावर. म्हणजे एकेक सोडवून चालत नाही, देशातल्या सगळ्या खात्यांची समीकरणं एकदम सोडवावी लागतात. जुन्या संगणकांना ते झेपत नव्हतं. क्वांटम संगणक सरकारी कामाला आले, बँकांच्या जुन्या नोंदी, खरेदीखतं आणि कॉलेजांच्या पावत्या एका जागी आल्या, आणि वर्षानुवर्षं पडून असलेली प्रकरणं 'उगम' अकरा मिनिटांत उलगडू लागली. कितीतरी लोकांना बुडालेले पैसे परत मिळाले. त्यामुळे 'उगम'वर लोकांचा विश्वास होता आणि तो वाजवी होता.

सानिकाच्या आकृतीचा अर्थ असा होता. चोरलेल्या ठेवींतून फी भरली गेली. फीतून पदवी मिळाली. पदवीतून कमाई झाली. कमाईतून कर्ज फिटलं आणि कार्यशाळा झाली. फीचा एकोणीस टक्के भाग शिष्यवृत्तीचा होता, तेवढा वगळून बाकी सगळं गुन्ह्याचं.

त्या दिवशी आलेल्या माणसांचं काम तिनं संपवलं. मग कार्यशाळेचं दार लोटून ती अप्पांसमोर बसली आणि आजीच्या सोन्याचं काय झालं ते विचारलं. अप्पा लसूण सोलत होते. ते थांबले नाहीत.

"सोनं तुझ्या आईच्या आजारपणातच गेलं होतं," ते म्हणाले. "तुला प्रवेश मिळाला तेव्हा घरात काही नव्हतं."

"मग मला का सांगितलं नाही?"

"तू ती फी घेतली नसतीस."

त्यानंतर सानिकानं आपणहून त्यांच्याशी बोलणं सोडलं. अप्पा भाकरी करून झाकून ठेवायचे, ती उशिरा जेवायची. या काळात तिला सगळ्यात जास्त लागलं ते पैशाचं नव्हतं. आपण इतकी वर्षं आभार मानत होतो ते चुकीच्या माणसाचे, हे लागलं. ज्यांनी शिकवलं ती तीनशे बारा माणसं होती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि तिला त्यांतल्या एकाचंही तोंड माहीत नव्हतं. तिच्या मनानं घेतलं की 'उगम' बरोबर आहे. उत्तर द्यायच्या जागी तिनं लिहिलं की माझी हरकत नाही, सर्व मालमत्ता जप्त करावी.

प्रकरण साताऱ्याच्या विशेष न्यायालयात गेलं. न्यायाधीश होत्या शमीम मुजावर. पन्नाशी ओलांडलेल्या, हळू आवाजात बोलणाऱ्या. अशी प्रकरणं तेव्हा दहा मिनिटांत निघत. 'उगम'चा अहवाल आला की न्यायालय तो मान्य करी. कायद्यानं न्यायाधीशाचे हात बांधलेले नव्हते. पण अहवालाहून वेगळं काही करायचं तर कारणं लिहावी लागत, आणि संगणकाच्या आकड्यासमोर माणसाची कारणं वरच्या न्यायालयात टिकत नाहीत असा सगळ्यांचा समज झाला होता. त्यातून समोरचा माणूस स्वतःच कबूल म्हणत असेल तर प्रश्नच नव्हता. सरकारी वकील फाईल मिटायच्या बेतात होते.

मुजावरांनी सानिकाला उभं केलं आणि विचारलं की ही संमती तुम्ही का दिली. सानिका म्हणाली की मी ज्या पैशावर शिकले तो माझा नव्हता.

"ते मी वाचलंय," न्यायाधीश म्हणाल्या. "संमती देणं तुमच्या हातात होतं. आदेश देणं माझ्या हातात आहे. कायद्यात 'न्यायालय अशी मालमत्ता जप्त करू शकेल' असं म्हटलंय. 'करील' असं म्हटलेलं नाही. ज्यांनी हे लिहिलं त्यांना दोन शब्दांतला फरक कळत होता, असं मी धरून चालते. त्यामुळे तुम्ही हो म्हणालात तरी मला विचार करावाच लागेल."

आणि त्यांनी दोन गोष्टी मागवल्या. 'उगम'च्या तंत्रज्ञाची साक्ष, आणि बुडालेल्या ठेवीदारांपैकी ज्यांना यायचं असेल त्यांचं म्हणणं.

तंत्रज्ञ निरंजन कुलथे पुण्याहून आला. चाळिशीतला, विचारलं तेवढं नीट सांगणारा माणूस होता. त्यानं रंग आणि ओढ्याचं उदाहरण दिलं. मुजावरांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं की या बाईंनी एका शेतमजुराला हात दिला आणि त्या हातानं तो मजुरी करू लागला, तर त्याच्या मजुरीतही तो अंश येतो का.

कुलथेनं पडद्यावर काही आकडे बघितले. "गणितानं येतो. तीन-चार टक्के असेल."

"मग त्याला नोटीस का गेली नाही?"

"प्रणाली पाच टप्प्यांनंतर थांबते. तो सहावा टप्पा आहे."

"पाच हा आकडा गणितातून आला का?"

"नाही. तो आम्ही ठेवला. तीन ठेवला तर वसुली कमी दिसायची, सात ठेवला तर फार लोकांना नोटिसा जायच्या."

मुजावरांनी विचारलं की असे आणखी कुठले आकडे तुम्ही ठेवलेत. कुलथेनं सांगितलं की आणखी एक आहे. ज्या मालमत्तेत गुन्ह्याचा अंश निम्म्याहून कमी, ती यादीत येतच नाही, नाहीतर याद्या संपल्या नसत्या. हे सांगताना तो काही लपवत नव्हता. आजवर हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"म्हणजे कुठे थांबायचं हे आधीपासून माणूसच ठरवत होता," न्यायाधीश म्हणाल्या. "फक्त तो या खुर्चीवर बसलेला नव्हता आणि त्याला कारणं लिहावी लागत नव्हती."

ठेवीदारांपैकी नऊ जण आले. बरेच वारले होते. त्यांत मालन लोखंडे होत्या, कोरेगाव तालुक्यातल्या. पंचवीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून मुलांची खिचडी शिजवली आणि निवृत्त होताना जी एकरकमी रक्कम मिळाली ती सगळी पतसंस्थेत ठेवली. घरावर पक्कं छप्पर घालायचं होतं. छप्पर अजून पत्र्याचंच होतं. मुजावरांनी त्यांना सानिकाची सगळी हकिगत सोप्या शब्दांत सांगितली, कार्यशाळा विकली तर काय होईल तेही सांगितलं, आणि तुम्हाला काय वाटतं म्हणून विचारलं.

मालनबाईंनी सानिकाकडे एकदा नीट पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "माझं पैसं मला पाहिजेत. हिचं दुकान मोडून आलेलं नकोत, असं मी म्हणणार न्हाई. मला पाहिजेत. कुठनं काढायचं ते तुमी बघा, म्हणून तर तुमाला तिथं बसवलंय."

मुजावरांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं.

त्याच दुपारी त्यांनी कुलथेला एक काम दिलं. निम्म्याची ती मर्यादा काढून टाका आणि अंशाऐवजी रकमेप्रमाणे यादी लावा, असं त्यांनी सांगितलं. कारण साधं होतं. लहान मालमत्तेतला मोठा अंश दिसतो, पण प्रचंड मालमत्तेतला लहान अंश त्याच्या कितीतरी पट असू शकतो. नवी यादी दुसऱ्या दिवशी आली. वरून पहिलंच नाव एका शीतगृहाचं होतं. ते चेअरमनच्या बापानं बांधलेलं, म्हणजे मुळात स्वच्छ. पण पतसंस्था बुडत होती त्याच वर्षांत त्यावर तीन मजले चढले होते. अंश अडतीस टक्के. निम्म्याहून कमी, म्हणून 'उगम'नं ते सोडून दिलं होतं. आता ते चेअरमनच्या मुलांची कंपनी चालवत होती. त्या कंपनीला नोटीस गेली, तिचे वकील आले, चार महिने सुनावणी चालली.

या चार महिन्यांत सानिकाचं काम बंद नव्हतं. पण नवा माणूस आला की ती आधीच सांगायची, हात अर्धवट राहू शकतो, तुम्ही दुसरीकडे जा. बहुतेक लोक जात नसत. या दिवसांत एकदा अप्पा आपणहून साताऱ्याला गेले आणि फी कशी, कुठल्या खात्यातून भरली याचा जबाब देऊन आले. तिला काहीच माहीत नव्हतं, असं त्यांनी त्यात तीनदा सांगितलं होतं. घरी आल्यावर त्यांनी सानिकाला ते सांगितलं नाही. तिनं ते कागदपत्रांत वाचलं.

निकालाच्या दिवशी मुजावरांनी आदेशातला थोडाच भाग वाचून दाखवला. मलकापूरचा प्लॉट वडिलांनी ठेवींच्या पैशातून मुलीच्या नावावर घेतला होता. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, तो त्यांनी जप्त केला. सानिकाला तिथे घर बांधायचं होतं, नकाशाही तयार होता. शीतगृहातला अडतीस टक्के हिस्सा जप्त झाला आणि तो ठेवीदारांत वाटायचा होता. बहुतेकांची मूळ रक्कम त्यातून निघणार होती, व्याज नाही.

मग कार्यशाळेचा परिच्छेद आला. तो वाचताना न्यायाधीशांचा आवाज बदलला नाही. फी ही मालमत्ता होती, ती ज्यानं चोरली त्याला शिक्षा झाली आहे. शिक्षण मात्र पाण्यासारखं एका भांड्यातून दुसऱ्यात ओतता येत नाही. ते घेणाऱ्याला स्वतःची वर्षं आणि स्वतःचे कष्ट त्यात घालावे लागतात, आणि त्या कष्टांचा उगम आरोपीच्या खात्यात सापडत नाही. सानिका शेटे हिला अठराव्या वर्षी काही माहीत नव्हतं. तिची संमती लाजेतून आलेली आहे, आणि लाज हे जप्तीचं कारण होऊ शकत नाही. कार्यशाळा आणि बँकेतली शिल्लक तिच्याकडेच राहील.

सानिका बाकावर बसून राहिली. पुढचं प्रकरण पुकारलं गेलं तेव्हा शिपायानं तिला उठायला सांगितलं. बाहेर येऊन तिनं सरकारी वकिलांना विचारलं की न्यायाधीशांना भेटून आभार मानता येतील का. ते म्हणाले की अजिबात नाही, पत्रही पाठवू नका. पुढच्याच महिन्यात मुजावरांची बदली झाली. पुढे त्यांचा हा आदेश वरच्या न्यायालयात कायम झाला आणि 'उगम'मधले ते दोन्ही आकडे काढून टाकावे लागले. कुठे थांबायचं ते आता प्रत्येक प्रकरणात न्यायाधीशाला कारण देऊन लिहावं लागतं. पण सानिकाला त्यांच्याशी एक शब्द बोलायला मिळाला नाही. कुणीतरी आपली फाईल शेवटच्या पानापर्यंत वाचली, आपण नको म्हणत असताना वाचली, ही गोष्ट ती पुढे कितीतरी दिवस मनात धरून होती. कामावर बसताना, सॉकेट घासताना मध्येच तिला ती आठवायची आणि हात अलगद चालायचा.

ज्यांचे आभार मानता येण्यासारखे होते त्यांची यादी मात्र प्रकरणाच्या कागदांत होती. तीनशे बारा नावं, गावांसकट. एका शनिवारी जेवताना ती अप्पांना म्हणाली, "उद्या गाडी काढा. कोरेगावकडे जायचंय."

कशाला ते अप्पांनी विचारलं नाही. तिनं आपणहून त्यांच्याशी बोलून सात महिने झाले होते.

तेव्हापासून दर रविवारी ती दोघं निघू लागली. अप्पा गाडीतच थांबायचे. सानिका दारात जाऊन नाव सांगायची आणि म्हणायची की तुमच्या पैशातून मी शिकले, हे सांगायला आले. काहींनी दार लावून घेतलं. एका म्हाताऱ्यानं तासभर तिला वाटेल ते सुनावलं आणि ती ऐकत उभी राहिली. एका घरी ठेवीदाराची सून होती, तिला काय बोलावं कळेना, तिनं पाणी दिलं. सानिका कुणाला पैसे देत नव्हती आणि माफीही मागत नव्हती. आभार मानत होती. ते ऐकायला कुणी तयार नव्हतं आणि म्हणून ते सांगायला जास्त बळ लागत होतं.

मालन लोखंडेंचं घर चौथ्या रविवारी आलं. शीतगृहातला पहिला हप्ता त्यांना मिळाला होता. अंगणात विटांचा ढीग पडलेला होता. त्यांनी सानिकाला ओळखलं आणि घोंगडी अंथरली. मग त्यांना रस्त्यावर उभी गाडी आणि गाडीतला माणूस दिसला.

"त्यो आत यायचा न्हाई," त्या म्हणाल्या.

"नाही, ते येत नाहीत."

"तू बस."

सानिकानं नेहमीचं वाक्य म्हटलं. मालनबाईंनी ते ऐकून घेतलं आणि चुलीवर चहा ठेवला. मग समोर येऊन बसल्या.

"काय शिकलीस त्ये सांग की मग."

सानिकाला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनं सांगायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी हाडं आणि स्नायू कसे शिकवले, प्लास्टरचा साचा काढताना तिचे पहिले नऊ साचे कसे मोडले, स्नायूतली लहर पहिल्यांदा पडद्यावर हलताना बघितली तेव्हा तिला कसं झालं. मालनबाई मध्ये मध्ये विचारत होत्या. साचा मोडला तर पैसे भरायला लागायचे का. वसतिगृहात जेवण बरं होतं का. तुटलेल्या हाताला खाज येते म्हणतात ते खरं का. सानिका सगळ्याची उत्तरं देत होती. चहा दोनदा झाला. चार वर्षांचं सांगून होता होता ऊन विटांच्या ढिगावरून खाली उतरलं.

तेवढ्यात शेजारची एक बाई अंगणात आली. सानिकाकडे पाहून तिनं विचारलं की पाहुणी कोण.

"ही कराडची सानिका," मालनबाई म्हणाल्या. "हात तुटलेल्या माणसास्नी हात करून देती. सातशे दिल्यात." आणि मग, ओटीवर नीट सरकून बसत, त्यांनी सांगितलं, "हिच्या शिक्षणाला मी होते."